डिपर कमी पडतोय म्हणून एलईडी घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांची हॅचबॅक, एच-४ हॅलोजन बल्ब, आठवड्यातून दोन-तीनदा अंबाजोगाई ते लातूर रात्रीचं जाणं-येणं. कारखाने सुरू झाल्यापासून रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली फार उशिरा दिसते. दुकानदार म्हणतो, १३० वॅटचे एलईडी टाका, साडेतीन हजारांत काम होईल. घ्यावेत का?

आत्ता घेऊ नका. दहा वर्षांच्या गाडीत कंपनीने दिलेल्या उजेडातला बराचसा वाटेतच गळालेला असतो: थोडा पिवळ्या काचेत, थोडा वायरिंगमध्ये, थोडा जुन्या बल्बमध्ये, आणि उरलेला चुकीच्या जागी पडत असतो. ही गळती थांबवायला साडेतीन हजारही लागत नाहीत. ती थांबवल्यावरही कमी पडलं तर पुढचा खर्च करा. शिवाय तुमची तक्रार नीट वाचली तर समोर अंधार आहे असं तुम्ही म्हणत नाही. डाव्या कडेला लांबवर काय उभं आहे ते वेळेत दिसत नाही, असं म्हणताय. एच-४ मध्ये एलईडी टाकला की नेमकं तेच बिघडण्याची शक्यता जास्त.

एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, अप्परचं (लांबच्या झोताचं) ६० वॅटचं आणि डिपरचं (खाली झुकलेल्या झोताचं) ५५ वॅटचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते. ती प्रकाशाला रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडू देत नाही, त्यामुळे वरच्या भागावरून परतून सगळा प्रकाश खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड अशी तिरकी असते की डावीकडे प्रकाशाची रेघ सुमारे १५ अंशांनी वर चढते. अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावलात तर हे स्पष्ट दिसेल: उजवीकडे आडवी सरळ रेघ, डावीकडे वर जाणारा चढ. आडवी रेघ समोरच्याचे डोळे वाचवते आणि डावा चढ तुम्हाला कडेचं लांबचं दाखवतो. पंक्चर झालेली ट्रॉली, बैलांची टायरगाडी, खोपीकडे निघालेले ऊसतोड मजूर, सगळं या चढात दिसायला हवं. पुढे जे काही सांगतोय ते हा डावा चढ टिकवण्यासाठी आणि भरण्यासाठी आहे.

आधी काच. तुमच्या गाडीच्या हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, प्लॅस्टिकच. तिच्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. आपल्याकडच्या उन्हात तो आठ-दहा वर्षांत सुटतो आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं, खरबरीत होतं. त्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली की क्षारांचे पांढरे डागही बसतात. अशी काच प्रकाश नुसता अडवत नाही, विखुरतेही. म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जास्त जातं.

काच सुधारेल की नाही याची परीक्षा सोपी आहे. तिच्यावर पाणी ओता. ओली असताना ती स्वच्छ, आरपार दिसली तर खराबी वरवरची आहे आणि घासून निघेल. ओली करूनही धुरकट राहिली तर खराबी आतून आहे किंवा प्लॅस्टिकमध्येच बारीक तडे गेलेत, मग घासण्यात अर्थ नाही. टॉर्च मारून आतला रिफ्लेक्टरही बघा. आरशासारखी चमक जाऊन तो राखाडी किंवा तपकिरी दिसत असेल तर अख्खा हेडलाइटच बदलावा लागतो. रिफ्लेक्टर आत फडका घालून पुसायला जाऊ नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो.

घासण्याचा क्रम असा. कडेच्या रंगाला मास्किंग टेप दुहेरी लावा. काच शाम्पूने धुवा. मग पाणी मारत मारत पॉलिश पेपर: थर फार सुटला असेल तर ८०० पासून, नाहीतर १००० पासून सुरुवात, मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक नंबरचा पेपर आधीच्या पेपरच्या रेषांना आडवा फिरवायचा, म्हणजे जुन्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. घाई इथेच होते. १००० च्या रेषा राहिल्या तर कंपाउंडने त्या जात नाहीत, उलट चमकून उठून दिसतात. शेवटी कंपाउंड मारून काच स्पिरिटने पुसायची आणि वर उन्हाला टिकणारा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर कोट मारायचा. हा शेवटचा टप्पा बहुतेक दुकानदार गाळतात, आणि मग काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ फिरत असतात, त्यातही हेच होतं. बाहेरून करून घेतलं तर दोन्हींचे साधारण हजार-दीड हजार जातील. देण्याआधी विचारा, “वरून क्लिअर कोट मारणार ना?”

आता वायरिंग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठी गळती बहुधा इथेच सापडते आणि कोणीच मोजत नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने घसरतो. व्होल्टेज ५ टक्के पडलं की उजेड १५-१६ टक्के जातो. १० टक्के पडलं की जवळजवळ ३० टक्के. बॅटरीवर १४ व्होल्ट असताना बल्बला १२.६ मिळत असतील तर उजेडाचा तिसरा हिस्सा तुम्ही वायर तापवण्यात घालवताय. साध्या एच-४ चं माप १३.२ व्होल्टवर घेतलेलं असतं: अप्परला सुमारे १६५०, डिपरला सुमारे १००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप). त्याच्या खाली गेलात की छापलेला आकडा विसरा.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन सुरू, रेस थोडी वाढवून १५०० च्या आसपास, डिपर चालू, दोन्ही बल्ब जोडलेले. बल्ब काढून कपलरवर, म्हणजे बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरच्या प्लगवर, मोजलं तर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल आणि तुमची फसगत होईल, कारण करंट वाहत असतानाच घट दिसते. तेव्हा मीटरची सुई कपलरच्या मागून, वायरच्या कडेने आत सरकवायची. पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. दुसरं बल्बच्या डिपर पिन आणि अर्थ पिनमध्ये (अर्थ म्हणजे बॉडीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी). या दोन आकड्यांतला फरक म्हणजे एकूण घट. मग मीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई बल्बच्या अर्थ पिनवर ठेवा. इथे जे दिसेल ती नुसती अर्थची घट.

एकूण घट अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर वायरिंगला हात लावू नका. अर्धा ते एक व्होल्ट असेल तर आधी अर्थ बघा. हेडलाइटच्या मागे बॉडीला लागलेला अर्थचा बोल्ट सोडवा, खालचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकता करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. कपलर काढून पिना बघा. काळी किंवा तपकिरी झालेली पिन म्हणजे तिथे गरम होतंय, तो कपलर बदलायचा. चिनी मातीचा होल्डर मिळतो तो घ्या. एवढ्यावर बऱ्याच गाड्यांचं काम भागतं.

घट एक व्होल्टच्या वर असेल तर रिले किट. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. यात बॅटरीपासून बल्बपर्यंत नवी जाड वायर जाते आणि जुना कपलर फक्त रिलेला इशारा देण्यापुरता उरतो. घेताना या गोष्टी बघा: डिपर आणि अप्परला वेगळे दोन रिले, ३० किंवा ४० अँपिअरचे, वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. तो कुठे घासून बॉडीला टेकला तर जळणं थांबवायला मध्ये काहीच नाही, म्हणून तो जेवढा आखूड तेवढा बरा. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. सगळी वायर स्लीव्हमध्ये घाला. शेतात किंवा गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर अधूनमधून बॉनेट उघडून बघत जा, नवी वायर उंदरांना फार आवडते.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक म्हणजे काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, बल्बच्या सामाईक पिनला कायम प्लस असतो आणि स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. साधं किट तिथे चालत नाही, किंवा चाललं तरी अप्परचा निळा दिवा भलतंच दाखवतो. दुसरं म्हणजे नव्या गाड्यांमध्ये हेडलाइट कंट्रोल युनिटमधून चालतात आणि व्होल्टेज तुकड्यातुकड्याने दिलं जातं. तिथे रिले टाकला तर तो थरथरतो, बझरसारखा वाजतो. अशा गाड्यांत या फंदात पडू नये. तुमची गाडी दहा वर्षांची, म्हणून यातली कुठली ते आधी तपासावं लागेल.

रिलेने बल्बचं आयुष्य घटतं हेही सांगायला हवं. व्होल्टेज ५ टक्के वाढलं की हॅलोजन साधारण निम्मा काळ टिकतो. साध्या बल्बची जोडी चार-पाचशे रुपयांत येते, त्यामुळे मला हा सौदा पटतो. एक बल्ब डिकीत ठेवा म्हणजे झालं.

बल्बचं बोलायचं तर, तुमचे बल्ब किती जुने आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. काचेला आतून काळसर झाक आली असेल तर ते संपत आलेत. बदलायचे तर जोडीने, आणि काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. फिलिप्स, ओसराम यांचे ‘१०० टक्के जास्त’, ‘१५० टक्के जास्त’ असे बल्ब मिळतात. ते खोटे नाहीत, पण तो आकडा किमान मर्यादेशी तुलना करून आणि झोताच्या ठरावीक जागेपुरता असतो. एकूण उजेड दुप्पट होत नाही. फिलामेंट आखूड आणि जास्त तापणारं असल्याने प्रकाश एकवटतो, डावा चढ लांब जातो, आणि त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते: दोन-अडीचशे तासांत जातात. आठवड्यात चार-पाच तास रात्रीचं चालवणाऱ्याला ते साधारण वर्षभर पुरतील, म्हणजे तुमच्यासाठी हा पर्याय वाईट नाही. रोज रात्री गाडी चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला मी तो सांगणार नाही. निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन मात्र घेऊच नका. निळा रंग म्हणजे गाळणी. दिसायला पांढरं, पण रस्त्यावर कमी.

१००/९० वॅटचे बल्ब आपल्याकडे सर्रास टाकतात. अप्परला मूळ बल्ब सुमारे ५ अँपिअर ओढतो, हा ८ च्या वर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. कपलर वितळतो, स्विचचे पॉइंट जळतात. रिले टाकून वायर वाचवली तरी प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर धुरकटतो, आणि मग साधा बल्बही पूर्वीसारखा पडत नाही. काचेच्या हेडलाइटच्या, लोखंडी रिफ्लेक्टरच्या जुन्या जीपवर हे खपून जायचं. तुमच्या गाडीवर नको.

आता तुमचा मूळ एलईडी. रिफ्लेक्टरचा आकार एका ठरावीक जागी असलेल्या, बारीक सुईएवढ्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो. एलईडीत त्या जागी दोन बाजूंना तोंड केलेल्या चपट्या चिप असतात आणि मधे तांब्याची पट्टी. चिप मिलिमीटरभर पुढे-मागे झाली किंवा पट्टी जाड असली की झोत फाटतो. भिंतीवर रेघेच्या वर प्रकाश सांडलेला दिसतो, डावा चढ पसरट होतो, आणि गाडीच्या अगदी पुढ्यात, पहिल्या दहा-पंधरा मीटरवर, चुन्याने सारवल्यासारखा पांढरा पट्टा पडतो. चालवणाऱ्याला तोच पट्टा बघून ‘काय उजेड आहे’ असं वाटतं. पण पुढ्यात लख्ख झालं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधारातलं आणखी कमी दिसतं. ट्रॉली लांबच असते.

१३० वॅट हा आकडाही मनावर घेऊ नका. मागच्या छोट्या पंख्याने आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्याने तेवढी उष्णता बाहेर टाकताच येणार नाही. बरेचसे एलईडी प्रत्यक्षात २०-३० वॅटच घेतात. आणि पंख्यात धूळ बसली की, जी आपल्याकडे मुरमाच्या एका कच्च्या रस्त्यात बसते, चिप तापून उजेड आपोआप उतरतो. मागचा भाग लांब असल्याने हेडलाइटचं रबरी बूट नीट बसत नाही, मग फिटर ते कापतो. तिथून पहिल्या पावसाळ्यात वाफ आणि धूळ आत.

सगळेच एलईडी टाकाऊ आहेत असं मात्र नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरायची परवानगी आहे, पण ती ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटमध्ये तपासून दिलेली असते. त्याच बल्बचा निकाल दुसऱ्या रिफ्लेक्टरमध्ये वेगळा येतो, म्हणून ‘माझ्या मित्राच्या गाडीत मस्त आहे’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही. तुम्हाला घ्यायचेच असतील तर परत घेण्याच्या बोलीवर घ्या. आधी हॅलोजनची रेघ भिंतीवर टेपने आखून ठेवा. मग एलईडी लावून चिप बरोबर उजव्या-डाव्या बाजूला, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा कॉलर फिरवा. टेपच्या वर प्रकाश गेला किंवा डावा चढ पुसला गेला, तर परत करा. एचआयडी (फिलामेंटऐवजी वायूतून प्रकाश देणाऱ्या बल्बच्या) किटचंही हेच, फक्त चकाकी त्याहून जास्त.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अख्खा प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) बसवणं हा तांत्रिकदृष्ट्या बरोबर मार्ग आहे, कारण त्यात रेघ काटेकोर पडते. पण हेडलाइट तापवून उघडावा लागतो, पुन्हा सील नीट झाला नाही तर पाणी शिरतं, आणि वर सांगितलेलं कलम इथेही आहेच. शिवाय बाजारात उजवीकडे चालणाऱ्या देशांसाठीचे प्रोजेक्टर खूप आहेत. त्यांचा चढ उजवीकडे असतो, म्हणजे सरळ समोरच्याच्या डोळ्यात.

फोकस सेट करणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. टायरमध्ये हवा बरोबर, डिझेल-पेट्रोल अर्धी टाकी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं, आत लेव्हलचा डायल असेल तर शून्यावर. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर टेप लावा, आणि प्रत्येक दिव्याच्या बरोबर समोर उभी टेप. डिपरची आडवी रेघ टेपच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे १ टक्का उतार. हेडलाइटवर १.२ किंवा १.३ टक्के असा वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरा. चढ जिथे सुरू होतो तो कोपरा उभ्या टेपवर. एका वेळी एकच दिवा लावायचा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा, त्याच्यावर कापड टाकू नका, प्लॅस्टिक तापतं. स्क्रू हळू फिरवा, जुन्या गाडीत आतले प्लॅस्टिकचे दात ठिसूळ झालेले असतात. एच-४ मध्ये डिपर बसला की अप्पर आपोआप बसतो.

याने काय फरक पडतो ते हिशोबाने बघा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आणि उतार १ टक्का असेल तर आडवी रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. दिवा नकळत खाली झुकून उतार २ टक्के झाला असेल तर ३२ मीटरवरच. कोरड्या रस्त्यावर, भान येऊन पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर ६० च्या वेगात गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात, ८० ला ६८, १०० ला ९७. म्हणजे सगळं अगदी नीट असलं तरी डिपरवर ८० ही काठावरची गोष्ट आहे, आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीमागे कुठलाही बल्ब टाकून १०० चा वेग सुरक्षित होत नाही. समोर गाडी नसेल तेव्हा अप्पर वापरा, कित्येक जण तो विसरून डिपरवरच चालवतात. जाता जाता, समोरची काच आतून पुसा. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डचा चिकट थर तिथे बसतो आणि समोरच्या प्रकाशात सगळी काच पांढरी होते.

तुम्ही या क्रमाने जा: ओल्या काचेची परीक्षा, मल्टिमीटरची तीन मापं, नवी बल्बजोडी, आणि शेवटी फोकस; कारण हेडलाइट किंवा बल्ब काढल्यावर तो पुन्हा हलतोच. बॅटरीवरचं, बल्बवरचं आणि अर्थचं असे तीन आकडे इथे लिहा. दिवे बंद पण चावी चालू असताना काढलेल्या कपलरच्या कोणत्या पिनवर १२ व्होल्ट येतात तेही लिहा. त्यावरून तुमच्या गाडीला रिले किट लागेल का, आणि लागलं तर साधं की निगेटिव्ह स्विचचं, ते सांगता येईल.